बिनआवाजाच्या लॅपटॉपची वाट

अरिबा नदाफला मी आधी ऐकलं, पाहिलं नंतर.

मी वाळवा तालुक्यात विशेष शिक्षिका आहे. अंध, कमी दिसणारी, कमी ऐकू येणारी मुलं ज्या ज्या शाळेत असतील तिथं आठवड्यातून एकदा जायचं, त्यांना आणि त्यांच्या मास्तरांना लागेल ती मदत करायची, असं माझं काम. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका गावच्या शाळेत सातवीतली एक अंध मुलगी मोबाइल कानाला लावून इतिहासाचा धडा ऐकत बसली होती. मीही तिच्या शेजारी बसून ऐकला. एका बाईचा स्वच्छ, सावकाश आवाज होता. पान संपलं की ती ‘पान बावीस संपलं’ म्हणायची. चित्र आलं की चित्रात काय आहे ते सांगायची.

“कोण गं वाचतंय हे?” मी विचारलं.

“इस्लामपूरच्या अरिबा मॅडम हायत. त्यास्नी पण दिसत न्हाई.”

मला ते पटलं नाही. त्याच आठवड्यात पत्ता काढून मी इस्लामपुरात त्यांच्या घरी गेले. पुढच्या बाजूला गाद्यांचं दुकान, मागं घर. दुकानात भुवयांवर कापसाचे तंतू अडकलेले एक गृहस्थ हातावर हात ठेवून स्वस्थ बसले होते. ते अरिबाचे वडील, चांदसाहेब.

“आवं मॅडम, पाच मिनिटं बसा,” ते हळू आवाजात म्हणाले. “पोरगीचं वाचन चाललंय. कापसाची मशीन पण म्या बंद ठेवलीया.”

गिऱ्हाईक आलं तरी ते खुणेनंच बोलले. पाच मिनिटांनी आतून दार उघडल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी मशीन चालू केली आणि मला आत पाठवलं.

अरिबा तेव्हा पंचविशीत होती. सातव्या वर्षी तिला संध्याकाळचं दिसेनासं झालं, मग फळ्यावरचं, आणि बाराव्या वर्षापर्यंत उजेड आणि अंधार यांतला फरक तेवढा उरला. डोळ्याचा पडदाच सुकत चाललाय, यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. चांदसाहेबांनी तिला मिरजेला निवासी शाळेत ठेवलं. तिथं ती ब्रेल शिकली, आणि इतकी भराभर वाचायला लागली की शाळेतल्या लहान मुलींना रोज जेवणानंतर गोष्ट वाचून दाखवायचं काम तिच्याकडंच आलं. दहावी झाल्यावर ती इस्लामपूरला परत आली आणि कॉलेजात गेली. तिथं मात्र तिला वाचता येईल असं एकही पुस्तक नव्हतं. मैत्रिणी जमेल तसं वाचून दाखवायच्या. शेवटच्या वर्षी जी मैत्रीण इतिहास वाचायची तिचं लग्न ठरलं, तिचं येणं थांबलं, आणि अरिबानं तो पेपर अर्ध्या पुस्तकावर दिला. ती पास झाली. पण ते अर्धं पुस्तक तिच्या मनातून गेलं नाही.

“तवाच ठरवलं,” तिनं मला त्या पहिल्या भेटीत सांगितलं, “आपल्या हातात लॅपटॉप आला की आपण वाचून ठेवायचं. मागून येणाऱ्याला कुणाची वाट बघायला लागू नये.”

पुढं तिला एका साखर कारखान्याच्या कार्यालयात टेलिफोनवर नोकरी लागली. पहिल्या पगारांतून तिनं लॅपटॉप घेतला आणि नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ पुस्तकं वाचायला सुरुवात केली.

ती वाचते कशी, हे मला प्रत्यक्ष पाहिल्यावरच समजलं. तिच्याकडं हातभर लांबीची एक ब्रेल पट्टी आहे. ती वायरनं लॅपटॉपला जोडतात. पट्टीवर चाळीस घरं आहेत आणि प्रत्येक घरात टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. लॅपटॉपमध्ये जी ओळ उघडी असेल ती त्या ठिपक्यांत वर उठते. अरिबा तिच्यावरून बोटं फिरवते, ओळ संपली की बटण दाबते, पुढची ओळ उठते. बोटं पुढं जात असतात आणि तोंड मागून वाचत असतं. पुण्यातल्या एका संस्थेनं जुनी झाली म्हणून काढलेली ही पट्टी तिला मिळाली होती. ती बनवणारी परदेशातली कंपनी कधीच बंद झाली. नवी पट्टी घ्यायची तर ती लॅपटॉपहून कितीतरी महाग पडते.

आता कुणी म्हणेल, लॅपटॉप स्वतःच वाचून दाखवतो, मग बाईनं कशाला वाचायचं? हा प्रश्न मीही विचारला होता. तिनं लॅपटॉपच्या आवाजात मला मराठीचा एक उतारा ऐकवला. चहातला च आणि चुलीतला च त्या आवाजाला वेगळे माहीत नव्हते. प्रश्न कुठं संपला आणि उत्तर कुठं सुरू झालं तेही कळत नव्हतं. “एक पान ऐकायला बरं वाटतंय,” ती म्हणाली. “पन्नास पानं ऐकली की डोकं दुखतंय.”

चांदसाहेबांनी तिला वाचायला एक छोटी खोली करून दिली होती. चारी भिंतींना, दाराला, छतालाही त्यांनी गाद्या ठोकल्या होत्या. ऊस तोडणीच्या दिवसांत कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्यानं गाणी लावून रस्त्यानं जातात. त्या खोलीत दार लावून बसलं की ट्रॅक्टर गेलेला कळायचाही नाही.

पण खोलीच्या आतला आवाज गाद्यांनी कसा थांबणार? लॅपटॉप सात वर्षांचा झाला तसा त्याचा पंखा कुरकुरायला लागला. आधी अर्ध्या तासानं लागायचा, मग दहा मिनिटांनी, मग पाच. पंखा लागला की तो आवाज वाचनात उतरायचा. अरिबा थांबायची, लॅपटॉप गार होऊ द्यायची, आणि मागच्या परिच्छेदापासून पुन्हा वाचायची.

तिचा धाकटा भाऊ यासीन एसटी स्टँडजवळ मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्यानं पंखा दोनदा बदलला. दोन्ही वेळा काही महिने बरं चाललं आणि पुन्हा तेच. मग तो म्हणाला, “आपा, आता नवाच घेऊ. पण आत्ता नको. सहा महिन्यांत नवीन पिढीचा प्रोसेसर येतोय. कमी तापणार, म्हणजे पंखा कमी लागणार. आत्ता घेतलास तर पस्तावशील.”

अरिबा एकदा घेतलेली वस्तू आठ-दहा वर्षं वापरणारी. ती थांबली. सहा महिन्यांनी तो प्रोसेसर आलाही. पण तोवर यासीनला आणखी मोठी बातमी कळली होती. पुढच्या वर्षी एक वेगळ्याच जातीचा प्रोसेसर लॅपटॉपमध्ये येणार होता, मोबाइलमध्ये असतो तसा. त्याला पंख्याची जवळजवळ गरजच पडणार नव्हती. वीज गेली तरी दिवसभर चालणार होता. यासीन त्याबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही.

“आपा, तुझ्यासाठीच बनवलाय बघ तो. आवाजच न्हाई.”

ती पुन्हा थांबली. यासीनचं काही चुकत नव्हतं. तो जे सांगत होता ते खरंच होतं, आणि बहिणीला चांगल्यातलं चांगलं मिळावं हीच त्याची इच्छा होती. पण त्या दीड वर्षात तिची पुस्तकं वर्षाला सहा व्हायची ती दोनवर आली.

मग गेल्याच्या गेल्या जानेवारीत शिवांजलीचा फोन आला. कवठे महांकाळजवळच्या एका गावातली ही मुलगी जन्मापासून अंध. बी. ए. झालेली, सरकारी कार्यालयातल्या लेखनिकाच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. परीक्षा जूनच्या अखेरीला होती. एकच जाडजूड पुस्तक सगळे वापरतात, ते तिला हवं होतं. आठशे साठ पानं.

“घरात कोण वाचून दाखवायला न्हाई का?” अरिबानं विचारलं.

“भाऊ वाचतो की,” शिवांजली म्हणाली. “पण द्राक्षं काढायला आल्यात. रात्री दमून येतोय आणि वाचता वाचता झोपतोय.”

अरिबानं “करते” म्हणून सांगितलं. त्या रविवारी मी तिच्याकडं गेले तेव्हा यासीन आधीच येऊन बसला होता.

“चार-पाच महिन्यांचाच प्रश्न हाय,” तो मला म्हणाला. “जुलै-ऑगस्टपर्यंत ते लॅपटॉप सांगलीत मिळतील. तुमी तरी तिला समजवा मॅडम. दीड वर्ष थांबली आणि आता तोंडाशी आल्यावर भलतंच काहीतरी घेईल.”

“जूनला परीक्षा हाय तिची,” अरिबा म्हणाली.

“दुसरी देईल की. परीक्षा काय एकच असती व्हय?”

त्यावर अरिबानं आम्हाला एक गोष्ट सांगितली, जी तिनं तोवर कुणाला सांगितली नव्हती. आदल्या वर्षी वाईचा साईराज नावाचा एक विद्यार्थी तिला फोन करायचा. बारावीचं भूगोलाचं पुस्तक त्याला हवं होतं. तिनं त्याला सांगितलं होतं, नवा लॅपटॉप येऊ दे, आल्या आल्या तुझं पुस्तक पहिलं. तो बिचारा दर महिन्याला फोन करून विचारायचा, “मॅडम, आला का हो लॅपटॉप?” मार्चनंतर त्याचे फोन यायचे बंद झाले. त्याची परीक्षा होऊन गेली होती.

“त्यानं मला कवा वाईट शब्द काढला न्हाई,” ती म्हणाली. “पण कॉलेजात मी अर्ध्या पुस्तकावर पेपर दिला, आणि त्याला तर मी अर्धं पण दिलं न्हाई. लॅपटॉप चालत होता. अडखळत चालत होता, पण चालत होता. मीच थांबून बसले.”

यासीन खाली मान घालून बसला. मग म्हणाला, “मग आत्ताच घ्यायचा म्हणतीस?”

“तसं पण न्हाई. आधी बघू तरी, नक्की अडतंय कुठं.”

आणि तिनं खरोखरच बघितलं. दोन आठवडे ती रोज वाचायला बसली, आणि जितक्या वेळा थांबावं लागलं तितक्या वेळा कारण ब्रेलमध्ये टोचून ठेवलं. पंखा वाजला म्हणून, लॅपटॉप अडकला म्हणून, आपली जीभ अडखळली म्हणून. दोन आठवड्यांनी तिनं ते जाड कागद माझ्यासमोर काढले आणि बोटांनी मोजत गेली. शंभर वेळा थांबली असेल तर त्यातल्या सत्तर वेळा पंख्यामुळं. वीस-बावीस वेळा स्वतःच्या चुकीमुळं. लॅपटॉप हळू चालतो म्हणून जेमतेम आठ वेळा.

“म्हणजे मला जोराचा प्रोसेसर नकोच हाय,” ती म्हणाली. “मला गप बसणारा पायजे.”

“त्येच तर मी सांगतोय दोन वर्षं,” यासीन म्हणाला.

“पण गप बसवायला तो नवाच कशाला पायजे? ह्यालाच खोलीच्या बाहेर काढला तर?”

लॅपटॉप खोलीबाहेर ठेवायचा, आणि कीबोर्ड, माइक, कानाचा हेडफोन आणि ब्रेल पट्टी तेवढी लांब वायरनं आत घ्यायची. दिवसभर वायरींतच हात असलेल्या यासीनला हे सुचलं नव्हतं. तो त्याच संध्याकाळी लांब वायरी घेऊन आला. चांदसाहेबांनी स्वयंपाकघराच्या बाजूनं भिंतीला भोक पाडलं, वायरी ओवल्या आणि उरलेल्या जागेत कापूस दाबून बसवला. लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या फळीवर गेला. मेहरुनबींनी, म्हणजे अरिबाच्या आईनं, आपले दोन डबे सरकवून त्याला जागा करून दिली आणि वर एकदाच विचारलं, “फोडणीचा ठसका त्याला चालतोय का?”

“नाकच न्हाई त्याला,” यासीन म्हणाला. पण त्यानं ती फळी काढून चुलीपासून लांबच्या कोपऱ्यात ठोकून दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता अरिबानं पहिलं पान वाचलं. नंतर ते ऐकताना ती कितीतरी वेळ हेडफोन काढेना. आवाजामागं काही म्हणजे काही नव्हतं.

पुढचे चार महिने मी तिचं काम जवळून बघितलं, कारण मीही त्यात होते. यासीन पुस्तकाच्या पानांचे फोटो काढायचा, त्यांतून लॅपटॉप अक्षरं ओळखायचा, आणि तो ज्या चुका करायचा त्या मी सुधारायचे. मग ते अरिबाकडं जायचं. पहाटे पाच ते सात ती वाचायची, आवरून कारखान्याच्या बसला जायची, संध्याकाळी परत आली की चहा पिऊन पुन्हा दीड तास. चित्र किंवा नकाशा आला की ती आधी मला विचारायची, मग यासीनला. दोघांचं सांगणं जुळलं नाही तर तिसऱ्या माणसाला. गणिताची उदाहरणं वाचताना ती एकेक आकडा बोटाखाली दोनदा घ्यायची. “आकडा चुकला तर तिला कळणार पण न्हाई की माझी चूक हाय,” ती म्हणायची. “ती म्हणणार, मलाच येत न्हाई.” झालेले भाग रोज शिवांजलीच्या मोबाइलवर जायचे. शिवांजली ऐकून लगेच प्रश्न विचारायची, म्हणजे ती खरंच ऐकत होती.

एप्रिलच्या उन्हात लॅपटॉप संध्याकाळी आपोआप बंद पडायला लागला. एकदा तर अख्खं प्रकरण वाचून झाल्यावर बंद पडला आणि त्यातलं काहीच राहिलं नाही. मी तिथंच होते. एवढा दीड तास वाया गेल्यावर मी तरी चिडले असते. अरिबानं खोलीतून बाहेर येऊन लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवला, “तापलाय बिचारा” म्हणाली, आणि पाणी पिऊन पुन्हा आत जाऊन बसली. चांदसाहेबांनी दुसऱ्या दिवशी लॅपटॉपखाली विटेचे दोन तुकडे लावून त्याला खालून वारा मिळेल असं केलं. त्या दिवसापासून ती दर दहा मिनिटांनी साठवून ठेवायला लागली. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आठशे साठावं पान झालं.

जूनमध्ये शिवांजलीनं परीक्षा दिली. जुलैच्या अखेरीला यासीनचा मला फोन आला. “मॅडम, आलाय. सांगलीत एका दुकानात ठेवलाय. रविवारी आपाला घेऊन जातोय, तुमी पण या.”

दुकानदार वीरधवल म्हणून तरुण माणूस होता. अंध गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलंय, हे त्याच्या बोलण्यावरून कळत होतं. तो सगळं यासीनला आणि मला सांगत होता, पडदा किती सुंदर आहे, रंग कसे उठून दिसतात. अरिबानं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दादा, जरा डोक्यावरचा पंखा बंद करता का? आणि ती मागची मशीन पण.”

त्यानं दोन्ही बंद केलं. तिनं नव्या जातीच्या प्रोसेसरचा लॅपटॉप आणि नेहमीच्या जातीचा, त्या वर्षीचाच पण स्वस्त झालेला, असे दोन शेजारी ठेवायला सांगितले. दोन्हीवर एकच जड काम चालू करायला लावलं. मग ती टेबलावर वाकली आणि एकेकाला कान लावत राहिली. खाली तळव्यानं उष्णता बघत होती. चार मिनिटांनी नेहमीच्या लॅपटॉपचा पंखा लागला. बारीकच होता, पण लागला. नवा दहा मिनिटं झाली तरी गप्प. अरिबानं त्याच्यावरून हात फिरवला, कडा बघितल्या, कीबोर्डची बटणं दाबून बघितली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून यासीननं माझ्याकडं पाहिलं. दोन वर्षं त्यानं याच क्षणाची वाट पाहिली होती.

“पट्टी लावून बघू,” ती म्हणाली आणि पिशवीतून ब्रेल पट्टी काढली.

यासीननं वायर जोडली. पट्टी सपाटच राहिली. वायर काढून दुसऱ्या बाजूला लावली. लॅपटॉप बंद करून चालू केला. काही नाही. वीरधवल आता मनापासून खटपट करायला लागला होता. त्यानं इंटरनेटवर शोधलं, पुण्याला कुणाला तरी फोन लावला. अर्ध्या तासानं तो म्हणाला, “ताई, ही पट्टी चालायला लॅपटॉपमध्ये एक प्रोग्राम लागतो. तो जुन्या जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला आहे. या नव्या जातीसाठी कुणी लिहिलेलाच नाही.”

“पुढं कवा लिहितील?”

“ज्यांनी पट्टी बनवली त्यांनीच लिहायचा असतो. तुम्ही म्हणता कंपनीच राहिली नाही.”

शेजारच्या लॅपटॉपला पट्टी लावल्याबरोबर सगळे ठिपके एकदम वर उठले. अरिबानं बोटं फिरवली आणि पडद्यावर जे होतं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. ती लॅपटॉपची जाहिरात होती. वीरधवल हातातला फोन तसाच धरून ऐकत राहिला.

यासीनला हार मानवेना. “आपा, आणखी सहा महिने थांबू. कोण ना कोण लिहीलच की. एवढा गप लॅपटॉप सोडायचा म्हणजे…”

“न्हाई यासीन,” ती म्हणाली. “आवाज भिंतीनं अडतोय. पट्टी बंद पडली तर मी वाचू कशानं?”

मग वीरधवलकडं वळून तिनं नेहमीच्या जातीचा लॅपटॉप बांधायला सांगितला. बांधून होईपर्यंत तिचा एक हात त्या दुसऱ्या लॅपटॉपवर होता. तो तिला आवडला होता, आणि ते तिनं लपवलं नाही.

परतीच्या एसटीत यासीन खिडकीकडं तोंड करून बसला. आष्टा आल्यावर म्हणाला, “दोन वर्षं उगीच थांबवलं तुला. हाच घ्यायचा होता तर कवाच घेतला असता.”

“तू सांगितलंस ते खरंच निघालं की,” अरिबा म्हणाली. “कान लावून बघितला मी. जरा पण वाजला न्हाई. आणि थांबल्याचा दोष तुझा एकट्याचा न्हाई. मला पण चांगलं पायजेच होतं की.” थोड्या वेळानं ती म्हणाली, “फक्त पट्टी घेऊन जायला पायजे, हे तुला पण सुचलं नव्हतं आणि मला पण आदल्या दिवशीच सुचलं. न्हाईतर आज घरी नेऊन रडत बसलो असतो.” यासीन हसला नाही, पण त्यानं तिच्या मांडीवरची लॅपटॉपची पेटी काढून स्वतःच्या मांडीवर घेतली.

शिवांजलीचा निकाल लागला तेव्हा ती थोड्या गुणांनी मागं राहिली होती. आम्ही सगळेच नाराज झालो. पण शिवांजलीनंच फोन करून सांगितलं, की तिनं ते वाचन आणखी पाच जणांना दिलं होतं आणि त्यांतली साताऱ्याची एक मुलगी निवड यादीत आली आहे. पुढच्या वर्षी त्याच वाचनावर अभ्यास करून शिवांजलीही यादीत आली. आता ती सांगलीत एका सरकारी कार्यालयात कामाला आहे.

सांगलीहून आल्यावर अरिबानं आपण होऊन एक काम केलं. अंध माणसानं लॅपटॉप घेताना काय बघावं, याचं अठरा मिनिटांचं वाचन तिनं केलं. आपल्या रोजच्या वस्तू पिशवीत घालून दुकानात जा, तिथंच जोडून बघा, कान लावा, हात लावा, पडद्याचं कौतुक ऐकत बसू नका, असं साधं सांगणं होतं. ते मोबाइलवरून कुठं कुठं गेलं. आता तिला वाई, कराड, जत, कुठून कुठून फोन येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. नवीन पिढीचा प्रोसेसर येणार म्हणतात, थांबू का?

गेल्या महिन्यात मी तिच्याकडं बसले असताना असाच एक फोन आला. वाईचे कुणी आप्पासो, संगीत शिकवणारे, त्यांना कमी दिसतं.

“जुन्या लॅपटॉपवर तुमचं काय अडतंय?” अरिबानं विचारलं.

“अडत काही नाही,” ते म्हणाले. “चांगला चाललाय. पण सगळे म्हणतात आता नवा घ्या.”

“मग थांबा की आरामात. येऊ द्या नवीन, चार लोकांनी वापरू द्या.”

त्यांनी फोन ठेवला आणि दहा मिनिटांत दुसरा आला. एका मुलीचा लॅपटॉप पंधरा दिवसांपासून सुरूच होत नव्हता आणि दिवाळीनंतर तिची परीक्षा होती. तिच्या मामानं तिला नवीन वर्षापर्यंत थांबायला सांगितलं होतं.

“मामाला फोन दे,” अरिबा म्हणाली.

मामांशी ती बराच वेळ बोलली. आवाज चढवला नाही, त्यांना चूकही म्हणाली नाही. नवीन काय येणार आहे ते तिला त्यांच्याहून जास्त माहीत होतं, तेही तिनं सगळं सांगितलं. मग परीक्षेची तारीख विचारली. तारीख त्यांना सांगता आली नाही. त्यांनी भाचीला विचारून सांगितली, आणि जरा वेळानं म्हणाले, “बघतो. उद्याच घेऊन जातो तिला.”

फोन ठेवून अरिबानं मोबाइल बंद करून माझ्या हातात दिला. साडेसहा वाजून गेले होते. चांदसाहेबांनी पुढची मशीन थांबवली, आणि ती खोलीत जाऊन दार लावून वाचायला बसली.